पंखा चाकरमानी

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय वाऱ्याबद्दल, पण सुरुवात नळापासून करतो. गावची नळपाणी योजना बंद पडते ती कित्येकदा विहीर आटली म्हणून नाही, पंपाचं वीजबिल थकलं म्हणून. हे मी तुम्हाला सांगायला नको. मी तीस वर्षं वीजखात्यात काढली, म्हणजे कनेक्शन तोडणाऱ्यांच्या बाजूला होतो. सरपंच हात जोडायचे, आम्ही वरचा हुकूम दाखवायचो. ज्यांच्या दारात बोअर त्यांचं काही अडत नसे. हंडा घेऊन वहाळावर जायची ती गरिबाघरची बाई.

तर एका पंचायतीने या बिलावर उपाय म्हणून चक्क स्वतःची पवनचक्की विकत घेतली. गावाचं नाव ओडंतुरै. पुन्हा सांगतो, ओडंतुरै. तमिळनाडूत, कोइमतूर जिल्ह्यात, निलगिरीच्या पायथ्याशी.

निवृत्त झाल्यावर मी सौ.ला म्हटलं, चल, तुला उटी दाखवतो. तिने शाली, स्वेटर, सगळं भरलं. डोंगरावर जाणारी ती छोटी गाडी जिथून सुटते त्या मेट्टुपाळयमला उतरलो, आणि मी हळूच सांगितलं की आधी इथे अर्ध्या दिवसाचं एक काम आहे. ती काही बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा मी फार जपून असतो.

रिक्षा केली. दुतर्फा सुपारीच्या बागा, अगदी आपल्या श्रीवर्धनसारख्या, फक्त समुद्राच्या जागी डोंगर. मी रिक्षातून मान बाहेर काढून वर बघतोय. पवनचक्कीचा साडेतीनशे किलोवॅटचा पंखा काही लपून राहायची वस्तू नव्हे, माडाच्या वर डोकं काढणारच. पण दिसेना. ओडंतुरै आलं, ओडंतुरै गेलं, रिक्षा मागे फिरवली, तरी पंखा नाही.

एका टपरीवर विचारलं. मला तमिळ येत नाही, त्याला हिंदी येत नाही. मी दोन्ही हात गरागरा फिरवले आणि म्हटलं, "फॅन! बिग फॅन!" भला माणूस बिचारा. त्याने मान डोलावली, पुढे स्टूल ओढलं, आत गेला आणि माझ्या डोक्यावरच्या पंख्याचं बटण दाबलं. सौ. तोंडाला पदर लावून हसत होती. कॉफी मात्र फर्मास दिली हो त्याने. आपल्याकडे हायवेवर चहाच्या नावाखाली साखरेचा पाक पाजतात, त्यांना एकदा तिकडे शिकायला पाठवलं पाहिजे.

शेवटी पंचायतीच्या कचेरीत इंग्रजी बोलणारे एक गृहस्थ भेटले. ते म्हणाले, "पंखा इथे नाहीच. उडुमलपेटकडे, मैवाडीला आहे." म्हटलं, किती लांब? तर शंभरेक किलोमीटर!

अहो, मी वीजखात्यातला माणूस. हे मला आधीच कळायला हवं होतं. पावसाळी वारा सह्याद्रीला धडकून अडतो, पण पालघाटला डोंगरात मोठी खिंड आहे. तिथून तो सुसाट सुटतो आणि उडुमलपेटच्या माळावर येतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातून मिळणारी वीज दुप्पट नव्हे, आठपट होऊ शकते. मग पंखा गावात लावून काय शोभेला ठेवायचाय? वारा तिथे, म्हणून पंखा तिथे. तिथली वीज तिथल्याच तारांवर चढवायची, आपल्याला लागेल ती आपल्या गावात घ्यायची आणि वजाबाकी वीज मंडळाच्या वहीत.

परतीच्या वाटेवर मी हे सौ.ला समजावत होतो. फीडर काय, ग्रिड म्हणजे गावोगावच्या तारांचं जोडलेलं जाळं काय, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे पंखा चाकरमानी. राहतो मुंबईला, मनीऑर्डर गावाला."

तीस वर्षांत खात्यातल्या एकाही साहेबाने मला इतक्या थोडक्यात ग्रिड समजावलं नव्हतं. म्हणून पुन्हा सांगतो. पंखा मैवाडीला, नळाचं पाणी ओडंतुरैला.

आता पैशाचं. साल २००६. किंमत १ कोटी ५५ लाख. त्यातले ४० लाख पंचायतीच्या शिलकीतले, बाकी बँकेचं कर्ज. आर. षण्मुगम १९९६ पासून पंचायतीचे अध्यक्ष होते, त्यांचा हा ध्यास. पंखा वर्षाला पावणेसात लाखांच्या आसपास युनिट द्यायचा आणि गावाची गरज होती साडेचार लाखांची. उरलेली वीज मंडळाला विकायची. कर्ज त्यातूनच फिटलं. चाळीस लाख शिल्लक असलेली पंचायत म्हणजे काय, विचार करा. आपल्याकडे चार पैसे आले की आधी स्वागत कमान. आत रस्ता नसला तरी चालेल, कमान हवी! असो.

ओडंतुरैत गरिबांसाठी साडेआठशेच्या आसपास घरं उभी राहिली. ती पंख्याच्या पैशातून बांधली असं कुणी रंगवून सांगितलं, तर मान डोलवू नका. घरांना सरकारी योजनांचा पैसा आहे. पण दिव्यांचं आणि पाण्याचं बिल डोक्यावरून उतरलं, की पंचायतीला झोपडीकडे बघायला सवड होते. मी बिलं वाटलीयत, मला ठाऊक आहे.

असंच एक बेट आहे स्कॉटलंडला, गिया नावाचं. तेव्हा वस्ती जेमतेम शंभर. त्यांनी २००२ साली अख्खं बेट जमीनदाराकडून ४० लाख पौंडांना विकत घेतलं आणि दोन-तीन वर्षांत तीन पवनचक्क्या उभारल्या, त्याही जुन्या, दुसऱ्याने वापरलेल्या! लोक त्यांना नाचणाऱ्या बाया म्हणतात. नावंही ठेवलीयत, श्रद्धा, आशा आणि करुणा, अर्थात त्यांच्या गेलिक भाषेत. तिथली बरीचशी घरं राहण्याच्या लायकीची नव्हती, ती दुरुस्त करायला या बायांची कमाई कामी आली. जुनी वस्तू घेण्यात कमीपणा कसला? माझी स्कूटर सेकंडहँड होती, बावीस वर्षं चालली.

वारा आपल्याकडेही आहेच. देवगडजवळ जामसंड्याला पंखे फार आधी आले, साताऱ्याचं चाळकेवाडीचं पठार तर पंख्यांनी भरलंय. तिथे मला एक आजोबा भेटले होते, पूर्वी त्यांच्याच असलेल्या जमिनीवर आता राखणीला. पंखा कंपनीचा, वीज तारेवर, आजोबांच्या हातात काठी. स्कॉटलंडच्या सरकारने तर कंपन्यांना सांगून ठेवलंय की पंखे तुमचे असले, तरी दर मेगावॅटमागे वर्षाला ५,००० पौंड आसपासच्या वस्तीला द्या. सक्ती नाही, पण पुष्कळ जण देतात. आजोबांना हे मी सांगितलं. ते म्हणाले, "आमाला वारा तेवढा भेटतो, फुकट."

हां, त्या सहलीचं सांगायचं राहिलं. उटी बुडाली. दुसऱ्या दिवशी आम्ही उडुमलपेटला गेलो. एसटीतून उतरतो तो काय, नजर जाईल तिथवर पंखेच पंखे. त्यातला ओडंतुरैचा कुठला, हे कुणालाच सांगता येईना. शेवटी सौ.ने जरा हळू फिरणारा एक निवडला, म्हणाली, "हाच असेल, कर्ज फेडून दमलेला," आणि त्याच्यासमोर, उटीसाठी आणलेली शाल पांघरून, तिने फोटो काढून घेतला.