पिंगुळीचा पडदा आणि स्वातीचा प्रकाश

श्रोतेहो, सिंधुदुर्गातल्या पिंगुळी गावच्या ठाकर कलावंतांचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. पांढरा पडदा, त्यामागे दिवा आणि दिव्यापुढे नाचणारा रावण, एवढीच त्याची सामग्री आपण सांगतो. पडद्याभोवतीचा अंधार मात्र मोजायचा राहून जातो. जवळच्या खांबावर प्रखर दिवा लागला, की सावली फिकी पडते आणि रावणाच्या जागी नुसता चामड्याचा तुकडा उरतो. रात्री उशिरा उभा राहून पहाटेपर्यंत रंगणारा दशावतार, हे कोकणातले लोकनाट्यही अंधाराच्याच भरवशावर वाढले.

हा अंधार आता जगभर आटत चालला आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रकाश-प्रदूषणाच्या जागतिक नकाशानुसार एक तृतीयांशाहून अधिक माणसांना आपल्या घराजवळून आकाशगंगा दिसत नाही. वेळास-आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्ले वाळूतून वर येतात, ती उजळ क्षितिज म्हणजे समुद्र एवढेच जाणतात. किनाऱ्यालगतचे दिवे त्यांना उलट दिशेला ओढतात. त्याच वाळूच्या उष्णतेवर पिल्लू नर होणार की मादी हे ठरते आणि वाळू तापत गेली तर माद्यांचेच प्रमाण वाढत जाते. दिवे मालवल्याने हवामानबदल थांबेल, असे मी म्हणणार नाही. आपली बहुतांश वीज कोळशावर होते हे खरे असले, तरी तिच्यात रस्त्यावरच्या दिव्यांचा वाटा लहान आहे. काळोख्या आकाशाचा उपयोग मला वेगळाच वाटतो: ते काळाचे माप हाती देते.

मे महिन्याच्या अखेरीस रात्री दहाच्या सुमारास स्वातीची तारका जवळजवळ डोक्यावर असते. तिचा जो प्रकाश आज आपल्या डोळ्यांत शिरतो, तो सुमारे ३७ वर्षांपूर्वी निघालेला आहे. म्हणजे साधारणपणे १९८८ साली, हवामानबदलाचा अभ्यास करणारे आंतरशासकीय मंडळ स्थापन झाले, त्या सुमारास. तेव्हा हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे ३५० होते, आज ते ४२० च्या पुढे गेले आहे. तो प्रकाश वाटेत असताना आपण काय केले, याचा हा हिशेब आहे.

‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’ ही म्हण देशावरच्या रब्बीला शोभते. (पावसाच्या त्या नक्षत्रात सूर्यच स्वातीत असतो, त्यामुळे रात्रीच्या आकाशात ही तारका नसते, हे जाता जाता.) आपल्याकडे कोकणात त्या सुमारास भात कापणीला आलेले असते. ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘क्यार’ चक्रीवादळाचा पाऊस नेमका स्वातीत आला आणि कापलेले भात शेतातच कुजले. अरबी समुद्र तापत असताना अशी वादळे अधिक बळावण्याची शक्यता वाढते. चित्रे दाखवत गोष्ट सांगणाऱ्या चित्रकथीच्या पोथीत नवे पान घालायचे झाले, तर विषय शोधायला दूर जावे लागणार नाही.

ते पान दाखवायला काळोख मात्र लागेल. जत्रेच्या आयोजकांना माझी विनंती एवढीच, की खेळ चालू असेपर्यंत देवळासमोरचे हॅलोजन बंद ठेवावेत आणि वाटेवर खाली प्रकाश टाकणारे, झाकलेले दिवे लावावेत.