नावापुढे मारलेली खूण

श्रोतेहो, नमस्कार. अस्तित्ववाद, म्हणजे माणसाच्या प्रत्यक्ष जगण्यापासून सुरुवात करणारं तत्त्वज्ञान, म्हटलं की आपल्याकडे चर्चा होते सार्त्र आणि कामू या फ्रेंच लेखकांची. त्याच पॅरिसमध्ये गाब्रिएल मार्सेल नावाचे एक गृहस्थ होते, तत्त्वज्ञ आणि नाटककार. तेही अस्तित्वाचाच विचार करत होते, पण श्रद्धेच्या वाटेने. आज थोडं त्यांच्याविषयी.

मार्सेल यांचा जन्म १८८९चा. चार वर्षांचे होण्याआधीच आई गेली. वडील आणि मावशीने वाढवलं. घरात पुस्तकं आणि संगीत भरपूर, देवधर्म जवळजवळ नाहीच. तत्त्वज्ञान शिकले तेही अगदी कोरडं, पुस्तकी.

मग १९१४चं महायुद्ध आलं. प्रकृतीमुळे आघाडीवर जाता येईना, म्हणून ते रेड क्रॉसमध्ये बेपत्ता सैनिकांचा शोध घेण्याच्या कामाला लागले. नाव, पलटण, शेवटचा कुठे दिसला, सगळं एका कार्डावर. आणि त्या कार्डाची चौकशी करायला समोर उभी कोणाची तरी आई, कोणाची तरी बायको. 'मृत' अशी खूण केली की कार्यालयाच्या हिशेबी काम संपलं. त्या बाईचं काय संपलं? माझ्या मते मार्सेल यांचं खरं शिक्षण इथे झालं, विद्यापीठात नव्हे.

पुढे त्यांनी जो भेद मांडला, तो या अनुभवाशेजारी ठेवून पाहा. नळ गळतोय, ही समस्या. ती माझ्यासमोर असते. वॉशर बदलला की मिटते. पण प्रेम, मरण, निष्ठा यांच्यापासून मला चार पावलं मागे सरून पाहताच येत नाही, कारण मी स्वतः त्यात गुंतलेला असतो. याला ते गूढ म्हणतात. माणसाला समस्या समजून निकालात काढणं हा त्यांच्या लेखी आपल्या काळाचा मोठा रोग.

१९२९मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी कॅथलिक पंथाचा बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ती अस्तित्ववादी हे लेबल मात्र त्यांना पुढे नकोसं झालं. स्वतःला ते सॉक्रेटिसच्या वाटेचा म्हणवत. त्यांचं लेखन सलग नाही, बरंचसं डायरीच्या रूपात आहे. वाचताना दमायला होतं, हे खरं.

म्हणून सुरुवात त्यांच्या नाटकांपासून करावी. 'देवमाणूस' असं ज्याचं नाव मराठीत होईल, ते नाटक १९२५मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातल्या प्रॉटेस्टंट धर्मगुरूने बायकोचं व्यभिचाराचं प्रकरण कधीच माफ केलंय. वर्षांनंतर तो जुना प्रियकर, आता मरणपंथाला लागलेला, परत येतो. ज्या मुलीला धर्मगुरूने आपली म्हणून वाढवलं, तिला एकदा पाहावं अशी या प्रियकराची इच्छा असते. आणि मग बायको नवऱ्याला जाब विचारते: मला माफ केलंत ते प्रेमापोटी, की धर्मगुरूला ते शोभतं म्हणून? बिचाऱ्याला उत्तर सापडत नाही. क्षमा, विश्वास, कर्तव्य यांची एवढी निर्दय उलटतपासणी मार्सेल यांनी स्वतः चर्चमध्ये जाण्याच्या चार वर्षं आधीच छापून टाकली होती.