दिवाळीची साफसफाई आणि आमची माशांची टाकी

नमस्कार मंडळी. सध्या घरोघरी दिवाळीची साफसफाई चालू असणार, जळमटं काढून झाली असतील, माळ्यावरची पितळेची भांडी खाली आली असतील, आणि ज्यांच्याकडे माशांची टाकी आहे त्यांचं लक्ष आज ना उद्या त्या टाकीकडे जाणारच. काच हिरवट झालीय, खालच्या खड्यांमध्ये घाण दिसतेय, पाहुणे यायच्या आत हेही एकदा लख्ख करून टाकू. तेवढ्यासाठी मी आज बोलायला आलेय, कारण २०१४ च्या दिवाळीत मी आमची टाकी अशीच लख्ख केली होती, वसुबारसेच्या दिवशी, आणि भाऊबीजेपर्यंत तिच्यातल्या चौदा माशांपैकी अकरा मासे गेले.

पण आधी मासे घरात कसे आले ते सांगते, कारण चूक तिथूनच सुरू होते.

माझ्या मुलाच्या सातव्या वाढदिवसाला कुणीतरी एक गोल काचेचा बाऊल आणला, आत दोन गोल्डफिश, सोबत खाण्याची छोटी डबी. पोरगं इतकं खूश झालं की केक राहिला बाजूला. चौथ्या दिवशी सकाळी तो बाऊलपाशी उभा आणि मला विचारतोय, "आई, हा असा आडवा का झोपलाय गं?" मला तेव्हा काहीच उत्तर देता आलं नाही. आम्ही त्या माशाला अंगणात जास्वंदीखाली पुरलं, दुसरा दोन दिवसांनी गेला, त्यालाही तिथेच. घरात सगळे म्हणाले, अहो माशांचं असंच असतं, आठ-पंधरा दिवसांचा खेळ. मीही ते खरं धरून चालले होते. नंतर वाचलं की इंग्लंडमध्ये यॉर्कशायरला टिश नावाचा एक गोल्डफिश होता, १९५६ मध्ये जत्रेत बक्षीस म्हणून मिळालेला, तो १९९९ मध्ये गेला, त्रेचाळीस वर्षं जगला. सगळेच काही तेवढे जगत नाहीत, पण नीट ठेवला तर गोल्डफिश दहा-पंधरा वर्षं सहज काढतो आणि वीतभर वाढतो. त्या बाऊलमध्ये जेमतेम तीन लिटर पाणी होतं, दोघांच्या विष्ठेनं आणि श्वासानं ते पाणीच त्यांना विष झालं होतं. हे समजल्यावर मला दोन रात्री झोप लागली नाही, खरं सांगते.

मग आम्ही टाकी आणली, दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच, म्हणजे छप्पन लिटरची. पंप, स्पंजवाला फिल्टर, खाली खडे. हळूहळू मोली, प्लॅटी, टेट्रा, एक निळसर गुरामी आणि दुकानवाल्या काकांनी "काच साफ ठेवेल हो" म्हणून दिलेला एक सकर. सासूबाईंचा सुरुवातीला विरोध होता, घरात मुका जीव कोंडायचा कशाला म्हणायच्या, पण दिवेलागणीला तुळशीपुढे दिवा लावून झाला की त्या टाकीसमोरच्या खुर्चीत येऊन बसायला लागल्या. गुरामीच्या पोटाखाली मिशांसारखे दोन लांब दोरे असतात, ते खरं म्हणजे त्याचे पंखच, त्यांनी तो चाचपतो. सासूबाईंनी काचेला बोट लावलं की हा येऊन त्या ठिकाणी दोरे टेकवायचा. दिवसभर दुसरं कुणीही आलं तरी तो जागचा हलायचा नाही आणि या बसल्या की लगेच पुढे, त्यामुळे तो त्यांना ओळखतो यावर आमच्या घरात कुणालाच शंका नव्हती.

सुखाचं आणखी एक सांगायचं म्हणजे पिल्लं. मोली, प्लॅटी, गप्पी हे मासे अंडी घालत नाहीत, सरळ पिल्लंच देतात, हे मला माहीतच नव्हतं. एका रविवारी मुलगा ओरडत आला, आई टाकीत किडे झालेत, बघते तर पाण्यातल्या झाडाच्या मुळांत डोळे असलेल्या टाचण्या पळतायत. त्यातली निम्मी दुपारपर्यंत मोठ्यांनी खाल्ली, आईनेसुद्धा खाल्ली, आणि मुलाला हे समजावणं सगळ्यात अवघड गेलं. उरलेली आम्ही चहाच्या गाळणीने उचलून वेगळ्या बरणीत ठेवली. एकदा नराबरोबर राहिलेली मादी पुढे कित्येक महिने नर नसतानाही पिल्लं देऊ शकते, त्यामुळे "एकच तर मासा आहे" म्हणून आणलेल्या गप्पीचे दोन महिन्यांत साठ झाले अशी घरं मी पाहिलीत. गप्पी हे आडनाव आहे बरं का, रॉबर्ट जॉन लेचमेअर गप्पी नावाच्या माणसाने त्रिनिदादहून हे मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले, १८६६ मध्ये त्याच्यावरून नाव पडलं, आणि आज तेच मासे आपल्याकडे हिवताप विभागवाले डासांच्या अळ्या खायला हौदात सोडतात.

तर आता ती दिवाळी.

वसुबारसेला सकाळी मी सगळे मासे बादलीत काढले. टाकीतलं पाणी सगळं ओतून दिलं. खडे परातीत घेऊन तांदूळ धुतात तसे सात-आठ पाण्यांनी धुतले. फिल्टरचा स्पंज काळाकुट्ट, चिकट झाला होता, तो नळाखाली धरून पिळून पिळून असा काढला की नवा वाटावा. काच पुसली, नळाचं ताजं पाणी भरलं, मासे सोडले. संध्याकाळी टाकी इतकी सुंदर दिसत होती की शेजारच्या बघायला आल्या. धनत्रयोदशीला मासे खाईनात. नरक चतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नानाला उठलो तर दोन मोली वर तरंगतायत, बाकीचे पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून हापापल्यासारखे श्वास घेतायत, कल्ले लालभडक. बाहेर फटाके वाजतायत आणि मी आणि मुलगा टाकीसमोर. लक्ष्मीपूजनाला आणखी चार. मला वाटलं पाणी खराब झालंय, म्हणून मी परत सगळं पाणी बदललं आणि परत स्पंज धुतला, म्हणजे मी वाचवायला गेले आणि उरलेल्यांचीही वाट लावली.

का झालं असं, हे मला पुढे एका मत्स्य खात्यातून रिटायर झालेल्या गृहस्थांनी समजावलं, आणि त्यांनी ते इतकं सोपं करून सांगितलं की मी तसंच तुम्हाला सांगते. मासा अमोनिया सोडतो, विष्ठेतून थोडा आणि कल्ल्यांमधून जास्त. नदीत तो वाहून जातो, टाकीत कुठे जाणार? टाकीत एक प्रकारचे जिवाणू असतात ते अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे असतात ते नायट्राइटचं नायट्रेट करतात. अमोनिया कल्ले जाळतो, नायट्राइट रक्तात शिरून रक्त तपकिरी करतं, मग त्या रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही आणि भरल्या पाण्यात मासा गुदमरतो. नायट्रेट त्या मानाने सौम्य, ते दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की हटतं. आणि हे जिवाणू मोकळ्या पाण्यात फारसे राहत नाहीत, ते चिकटून राहतात, खड्यांवर, काचेवर आणि सगळ्यात जास्त त्या काळ्या चिकट स्पंजात. नव्या टाकीत त्यांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. ज्याला मी मळ समजून पिळून काढलं, त्यावर माझी टाकी जगत होती. वर नळाच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन घातलेलं असतं, ते आपल्यासाठी चांगलंच आहे, पण त्याला आपले जंतू आणि टाकीतले जिवाणू यात फरक कळत नाही, आणि माशाच्या कल्ल्यांनाही ते सोसत नाही.

घासून लख्ख म्हणजे स्वच्छ, हे आपल्या हाताला लहानपणापासून लागलेलं वळण आहे, आणि स्वयंपाकघरात ते बरोबरच आहे. टाकीत ते चालत नाही, एवढी साधी गोष्ट समजायला मला अकरा जीव द्यावे लागले. अजून बोलताना घसा भरून येतो.

त्या दिवाळीतून वाचले तीन, एक मोली, तो सकर आणि सासूबाईंचा गुरामी.

त्यानंतर मी शिकून घेतलं, आणि हळूहळू तीन फुटी टाकी आली, एंजल माशांची जोडी आली. संकटं थांबली नाहीत पण. एकदा नवीन टेट्रा आणून थेट टाकीत सोडले आणि आठवड्यात सगळ्यांच्या अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके, व्हाइट स्पॉट नावाचा रोग. त्याचा परजीवी अंगावर असताना औषधाला दाद देत नाही, तो गळून तळाशी जातो, तिथे एकाचे शेकडो होतात आणि नवा मासा शोधायला पोहत निघतात, औषध लागतं ते तेव्हा. म्हणून ठिपके गेले की लगेच औषध थांबवायचं नाही, आणि नवा मासा आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवायचा.

आणि मे महिन्यातली ती रात्र, वळवाचा पाऊस, वादळात कुठेतरी झाड तारांवर पडलं आणि लाईट गेली ती चौदा तास. पंप बंद. उन्हाळ्यात पाणी तापलेलं, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी मावतो. रात्री अकरापासून मासे वर यायला लागले. मग मी, नवरा आणि मुलगा, आळीपाळीने स्टीलचा गडू घेऊन टाकीतलंच पाणी भरायचं आणि हातभर उंचावरून धार सोडायची, हवा मिसळावी म्हणून, मेणबत्तीच्या उजेडात पहाटेपर्यंत. गुरामी मात्र शांत. त्याला कल्ल्यांशिवाय हवेतला श्वास घ्यायचा वेगळा अवयव असतो, फायटर माशालाही असतो, त्यामुळे तो मधूनच वर यायचा, एक घोट हवा घ्यायचा आणि परत खाली. सासूबाई अंधारात खुर्चीत बसून आम्हाला सांगत होत्या, "माझा बघा कसा धीराचा आहे." एकही मासा गेला नाही त्या रात्री. सकाळी आमचे दंड भरून आले होते आणि मुलगा शाळेत न जाता टाकीसमोर सतरंजीवर झोपला. दुसऱ्याच दिवशी सेलवर चालणारा छोटा पंप घरात आला.

एंजलचं सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. पहिल्या दोन वेळची अंडी त्यांनी स्वतःच खाल्ली. तिसऱ्या वेळी फिल्टरच्या नळीवर ओळीत अंडी घातली, मोहरीएवढी सुद्धा नाहीत, आणि दोघं आळीपाळीने पंखांनी त्यांना वारा घालत राहिले. जी पांढरी पडली ती वेचून काढली. तिसऱ्या दिवशी अंड्यांतून शेपट्या वळवळायला लागल्या, एखादं पिल्लू सुटून खाली पडलं की बाप सूर मारून तोंडात धरायचा आणि परत नळीला चिकटवायचा. खाल्लं असं वाटून माझा जीव वर यायचा आणि पुढच्या क्षणी ते पिल्लू जागेवर. एक दिवस संध्याकाळी सगळी पिल्लं ढगासारखी दोघांच्या मधोमध पोहायला लागली. सासूबाईंनी त्या दिवशी शिरा केला होता.

सकरचं मात्र मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. दोन बोटांचा आणलेला तो, तीन वर्षांत फुटाच्या पुढे गेला, तीन फुटी टाकीत वळता येईना. दोघा-तिघांनी सल्ला दिला की गोदावरीत सोडून दे, पुण्य लागेल. कृपा करून असं करू नका. हे मासे मूळचे दक्षिण अमेरिकेतले, अंगावर कवच, काट्यांचे पंख, आपल्या नदीत त्यांना खाणारं फारसं कुणी नाही, आणि लोकांनी टाक्यांतून सोडलेले हे सकर आज उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात येतात, जाळी फाडतात आणि बाजारात त्यांना भाव नाही. आम्ही पाच महिने घर शोधलं, शेवटी एका ओळखीच्यांच्या फार्महाऊसवरच्या सिमेंटच्या हौदात तो गेला, चारी बाजूंनी बंद हौद, नदीशी संबंध नाही.

तर मंडळी, या आठवड्यात टाकीला हात लावणार असाल तर एवढंच करा. मासे काढू नका. नळीने पाव टाकी पाणी बादलीत काढा, काच आतून साध्या कापडाने पुसा, साबण नाही, आणि स्पंज त्या बादलीतल्या टाकीच्याच पाण्यात दोनदा हलका दाबून परत लावा, काळा राहिला तर राहू दे. नवं पाणी आदल्या दिवशी भरून ठेवा आणि क्लोरीन घालवायला दुकानात हायपो मिळतो, सोडियम थायोसल्फेट, तो पुडीवर लिहिलंय तेवढा घाला.

आणि हे ऐकेपर्यंत कुणी आधीच सगळं धुऊन बसलं असेल तर घाबरू नका. दोन दिवस खायला देऊ नका, मासे उपाशी मरत नाहीत. पंप जोरात ठेवा. रोज पाव टाकी पाणी बदला, हायपो घालून. शेजारी कुणाकडे जुनी टाकी असेल आणि तिथले मासे धडधाकट असतील तर त्यांच्या फिल्टरचा जुना स्पंज अर्धा कापून मागून आणा आणि तुमच्या फिल्टरमध्ये घाला. आमच्या गल्लीत कुणी असेल तर माझ्याकडे या, माझा स्पंज चांगला काळा आहे. नमस्कार.