भेटायला येऊ नका, प्लेटलेट द्या
(मुंबईतल्या एका वाचनालयातील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पत्रिकेत विषय छापलाय 'बोन मॅरो ट्रान्सप्लांट आणि दात्याची निवड'. बोन मॅरो म्हणजे हाडांच्या पोकळीतला, रक्त तयार करणारा मगज. त्यावर येतेच. पण आधी भेटायला येणाऱ्यांबद्दल बोलू द्या, फार दिवस पोटात साठलंय.

मला एएमएल झाला होता, म्हणजे झपाट्याने वाढणारा रक्ताचा कॅन्सर. आधी केमो, मग ट्रान्सप्लांट, धाकट्या भावाच्या मॅरोतल्या पेशींचं. केमोनंतर पांढऱ्या पेशी पार तळाला जातात. त्यातल्या जंतूंशी लढणाऱ्या पेशी, म्हणजे न्यूट्रोफिल, ५०० च्या खाली गेल्या की साधी सर्दीही जिवावर बेतते. दारावर पाटी असते, 'भेटण्यास मनाई'. पण गाड्या बदलत, गर्दीत चेंगरत आलेला माणूस पाटी वाचून परत जाईल होय? आमच्या एक मावशी डोंबिवलीहून आल्या. हातात निशिगंधाचा गुच्छ, पिशवीत मोदक, आणि नाक वाहतंय. सिस्टरने अडवलं तर म्हणतात, "अहो, मी घरचीच आहे!" (हशा) हसताय, पण फुलदाणीच्या पाण्यात जंतू असतात, कुंडीतल्या मातीत बुरशी. तुम्हाला काही होत नाही, आम्हाला न्यूमोनिया होतो. शेवटी मावशींनी काचेपलीकडून मला मोदक दाखवला आणि स्वतःच खाल्ला. माझ्या तोंडात हे एवढे फोड, थुंकी गिळवत नव्हती.

त्याचाही राग नाही. राग पुढचा. त्याच आठवड्यात प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी, घसरले, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. ह्यांनी भेटून गेलेल्या एकेकाला फोन लावला. कुणाची शुगर, कुणाचा उपास, कुणाला सुई बघवत नाही. आले कोण, तर भावाच्या ऑफिसातली दोन पोरं, मला कधी न पाहिलेली. तास-दीड तास मशीनला बसली, चहा-बिस्किट घेतलं आणि लोकल पकडून गेली. प्लेटलेट रक्तपेढीत जेमतेम ५ दिवस टिकतात, साठा करून ठेवता येत नाही. गणपतीत, मेच्या सुट्टीत दाते गावाला जातात. आजार जात नाही.

बरं, ट्रान्सप्लांट झालं की लोक म्हणतात, सुटलात! कसलं सुटणं? भावाच्या पेशींना माझी कातडी परकी वाटते, मग अंगावर पुरळ, डोळे कोरडे, पोट बिघडलेलं. त्याला जीव्हीएचडी म्हणतात. लहानपणीच्या लसींचं संरक्षण गेलं, त्या पुन्हा घ्यायच्या. गोवराची तर दोन वर्षं थांबून. माझा रक्तगट बी होता, आता भावाचा ओ. सासरी एवढा संसार करून रक्त शेवटी माहेरचंच! (हशा)

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर विषय. जुळवायचा असतो तो एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखीच्या खुणा, रक्तगट नव्हे. पत्रिका जुळवण्यासारखंच, फक्त इथे शांत करून मंगळ काढून टाकता येत नाही. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के. आईवडील बहुधा निम्मे जुळतात. हल्ली निम्म्या जुळणीवरही ट्रान्सप्लांट करतात. आपल्या टाटा हॉस्पिटलात १९८३ पासून ट्रान्सप्लांट होतायत. घरात कुणीच जुळलं नाही तर दात्यांच्या नोंदवहीत शोधायचं, आणि तिथे भारतीय माणसं फार कमी. नोंदणीला गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवतात, बस्स. पुढे खरंच जुळलात तर ५ दिवस इंजेक्शनं, मग हातातून रक्त काढून पेशी वेगळ्या करतात. कधी भूल देऊन कमरेच्या हाडातून मॅरो घेतात. मणक्याला कुणी हात लावत नाही, तो प्रश्न मला प्रत्येक ठिकाणी विचारतात.

फॉर्म बाहेर टेबलावर आहेत, तरुण मंडळींनी भरा. पण भरण्याआधी घरी आईशी बोलून घ्या. ट्रान्सप्लांटच्या आधी जबरदस्त केमो देऊन पेशंटचा स्वतःचा मॅरो नष्ट करतात. त्यानंतर दाता 'आई नको म्हणते' म्हणून मागे फिरला, तर त्या पेशंटकडे दुसरं काही उरलेलं नसतं.