घुमटाआधी साचा

[पहाट. पांढऱ्या घुमटावरून दव ओघळतंय.]

हा घुमट तीन मीटर व्यासाचा. आत एक दुर्बीण, एक खुर्ची आणि वावरायला जेमतेम जागा. बघणारे विचारतात, एवढा घुमट उचलून वर ठेवला कसा? उचललाच नाही. बारा पाकळ्या खाली घडल्या, एकेक करून वर गेल्या आणि नटबोल्टांनी जोडल्या.

एक पाकळी तळाशी 78 सेंटिमीटर रुंद, माथ्यापर्यंत सुमारे 2.36 मीटर लांब. ती उभीही वळते आणि आडवीही. इथेच पत्रा आणि प्लायवूड हात टेकतात. काचतंतूंची मॅट मात्र रेझिनमध्ये, म्हणजे नंतर घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात, भिजली की ओल्या कापडासारखी साच्याच्या अंगावर बसते.

म्हणजे खरं काम साच्याचं.

[फिरणारा फरमा, जवळून.]

मधोमध उभा दांडा, त्याला पाव वर्तुळाचा लाकडी फरमा. प्लास्टर थापायचं, फरमा फिरवायचा, जास्तीचं निघून जातं. कुंभाराचीच युक्ती, फक्त इथे माती जागेवर आणि हात फिरता. मग घासणं. कंटाळा येईपर्यंत, आणि त्यानंतर आणखी थोडं. कारण या फुगीर नमुन्यावरून खोलगट साचा निघतो, आणि नमुन्यावर राहिलेला एक उंचवटा बाराही पाकळ्यांवर उमटतो.

साच्याला मेण चोळतात, नाहीतर पाकळी सुटतच नाही. पुढे सगळं उलट्या क्रमानं. घुमटाचं सर्वांत बाहेरचं अंग, म्हणजे जेलकोट, सर्वांत आधी. तोही पांढराच. दिवसभर तापलेला घुमट रात्री उष्णता सोडत राहिला तर दुर्बिणीसमोरची हवा थरथरते, आणि गुरू ग्रह पाण्याच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखा हलतो.

जेलकोटमागे मॅटचे दोन थर, चौरस मीटरला 450 ग्रॅमवाली. रेझिन मॅटच्या वजनाच्या साधारण अडीच पट. हिशेबानं अख्खं कवच 45 किलोंच्या आसपास भरतं. जेलकोट, कडा आणि आकाशाकडे उघडणारी झडप यांचं वजन वेगळं. रोलर दाबून बुडबुडे काढायचे.

रेझिन घट्ट करणारं हार्डनर, रेझिनच्या शेकडा एक ते दोन. जास्त पडलं तर रेझिन डब्यातच तापून धुमसू लागतं. घट्ट होण्याचा वेग वाढवणारं कोबाल्टचं अ‍ॅक्सिलरेटर वेगळं आलं असेल, तर ते आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीच मिसळायचे नाहीत. स्फोट होऊ शकतो. हार्डनरचा एक शिंतोडा डोळा घालवू शकतो. तेव्हा गॉगल, हातमोजे, वाफा रोखणारा मास्क आणि मोकळी हवा. यात हौसेला सूट नाही.

आता थांबायचं. रेझिन घट्ट होताना आकसतं; घाईनं सोडवलेली पाकळी हळूच पीळ खाते, आणि ते कळतं बारावी पाकळी बसवताना.

कडा आतल्या बाजूला वळवलेल्या, त्यामुळे बोल्ट आत राहतात. जोडणी झाली की सगळ्यात जिवावर येणारं काम: दुर्बिणीला आकाश दिसावं म्हणून फट कापायला एवढ्या मेहनतीच्या घुमटाला करवत लावणं. फट माथ्याच्या थोडी पलीकडे न्यावी लागते, नाहीतर नेमकं डोक्यावरचं, सगळ्यात स्वच्छ आकाश झाकलं जातं. फटीच्या दोन्ही बाजूंना आतून जाड पट्ट्या, तळाच्या कड्याखाली चाकं. दुर्बिणीचा खांब फरशीला न टेकता थेट जमिनीत, म्हणजे पावलांची धडधड ताऱ्यापर्यंत पोचत नाही.

[संधिप्रकाश. झडप सरकते.]

निरीक्षणाच्या तासभर आधी झडप उघडली. आतली हवा निवतेय. आकाश तासाला 15 अंश सरकतं. थोड्या वेळानं कुणीतरी उठून खांदा लावून घुमट फिरवेल.

[चाकांचा आवाज.]