एकेचाळीस पुस्तकं, सुरुवात आठव्यापासून

मंडळी, नमस्कार.

वाचनकट्ट्याने या वर्षी टेरी प्रॅचेट या इंग्रज लेखकाची 'डिस्कवर्ल्ड' ही विनोदी, अद्भुत कादंबऱ्यांची मालिका वाचायला घेतली आहे. आम्हाला बजावून सांगितलंय की कौतुक पुरे, कशी वाचायची तेवढं सांगा. तेव्हा थेट कामाचंच बोलतो.

मालिकेत एकूण ४१ कादंबऱ्या आहेत. पहिली १९८३ मध्ये आली. शेवटची आली २०१५ मध्ये, लेखक गेल्यानंतर. महिन्याला एक धरली तर जवळजवळ साडेतीन वर्षं लागतील. हा आकडा ऐकूनच निम्मे लोक मागे सरतात, पण घाबरण्याचं कारण नाही, कारण ही एकच लांबलचक गोष्ट नाही. जग एक आहे आणि त्यात माणसांचे पाच-सहा गट आहेत. प्रत्येक गटाची आपली तीन ते आठ पुस्तकं, आणि काही पुस्तकं अगदी सुटी. जवळजवळ प्रत्येक पुस्तकाची गोष्ट त्याच पुस्तकात संपते.

ते जगही आपल्याला परकं वाटायला नको. आकाशातून एक प्रचंड कासव पोहत चाललंय, त्याच्या पाठीवर चार हत्ती, हत्तींच्या पाठीवर ताटासारखी सपाट पृथ्वी. गाभाऱ्यासमोरचं दगडी कासव आणि पुराणातले दिग्गज ठाऊक असलेल्या माणसाला यात समजावून सांगण्यासारखं काय आहे? आपले दिग्गज आठ, यांचे चार. पाचवा एक होता म्हणे, तो पाय घसरून पृथ्वीवर आदळला. तो पडला तिथे आजही खाणीतून चरबी काढतात. 'द फिफ्थ एलिफंट'मध्ये त्या चरबीच्या व्यापारावरून अख्खं राजकारण चालतं. प्रॅचेट यांची रीत हीच. दंतकथा घ्यायची आणि लगेच विचारायचं, बरं, मग यात पैसे कोण कमावतं?

आता पहिली अडचण. दुकानात किंवा लायब्ररीत गेलं की माणूस साहजिकच पहिला भाग उचलतो, आणि घोडं तिथेच पेंड खातं. पहिला भाग म्हणजे 'द कलर ऑफ मॅजिक'. त्या काळी तलवारबहाद्दर, ड्रॅगन आणि जादूगारांच्या कादंबऱ्यांचा सुळसुळाट होता, त्यांची ही टर आहे. ज्याने त्या मूळ कादंबऱ्या वाचलेल्या नाहीत, त्याला नक्कल दिसते, पण कोणाची ते कळत नाही. शिवाय पुस्तक चार जोडकथांचं आहे आणि संपतं तेव्हा नायक पृथ्वीच्या काठावरून खाली पडत असतो. पुढचा भाग, 'द लाइट फँटॅस्टिक', थेट १९८६ मध्ये आला. लेखकाचा सूरही अजून लागलेला नाही. मृत्यू हे इथे यमासारखं एक पात्र आहे, आणि पहिल्या पुस्तकात ते खुनशी आहे. तोच मृत्यू पुढे मांजरांचा लळा असलेला, माणसांबद्दल कुतूहल असलेला, मालिकेतला सर्वांत लाडका माणूस होतो. माणूस म्हणायचं की नाही हा प्रश्न वेगळा.

म्हणून सुरुवात आठव्या पुस्तकापासून करा. 'गार्ड्स! गार्ड्स!', १९८९. अँख-मॉरपॉर्क नावाचं बकाल, नासकं, पण कमालीचं जिवंत शहर. रात्रीच्या पहाऱ्याची तुकडी म्हणजे तीन-चार नामुष्कीचे शिपाई आणि गटारात पडलेला त्यांचा दारुडा कप्तान, सॅम व्हाइम्स. तिथे कॅरट नावाचा साडेसहा फुटी तरुण भरती होतो. बुटके नावाच्या जमातीने वाढवल्यामुळे तो स्वतःला बुटकाच समजतो आणि त्याने कायद्याचं पुस्तक पाठ केलंय, तेही ते पाळण्यासाठी. या शहरात चोरांचा रीतसर संघ आहे. वर्षाला किती चोऱ्या करायच्या ते ठरलेलं असतं आणि लुटल्यावर पावती मिळते. कॅरट पहिल्याच धडाक्यात त्या संघाच्या अध्यक्षालाच अटक करतो. इथे हसू आलं नाही, तर ही मालिका तुमच्यासाठी नाही. पुढच्या चाळीस पुस्तकांचे पैसे वाचले.

हसू आलं तर नियम एकच. गट कोणताही आधी घ्या, पण गटाच्या आतला क्रम मोडू नका. पहाऱ्याच्या गटात आठ पुस्तकं: 'गार्ड्स! गार्ड्स!', 'मेन ॲट आर्म्स' (१९९३), 'फीट ऑफ क्ले' (१९९६), 'जिंगो' (१९९७), 'द फिफ्थ एलिफंट' (१९९९), 'नाइट वॉच' (२००२), 'थड!' (२००५) आणि 'स्नफ' (२०११). व्हाइम्स गटारातून उठतो, लग्न करतो, बढत्या घेतो, बाप होतो. पहाऱ्यात आधी बुटके, मग दगडी अंगाचे ट्रोल, मग आणखी कोणकोण भरती होतात आणि प्रत्येक वेळी शहर कुरकुरतं. 'सर्वोत्तम डिस्कवर्ल्ड' अशा कुठल्याही यादीत 'नाइट वॉच' वरच्या नंबरांत असतं, म्हणून पुष्कळ जण तेच आधी घेतात आणि मग म्हणतात, चांगलं आहे, पण एवढं काय? त्यात व्हाइम्स तीस वर्षं मागे, आपल्याच तरुणपणात जाऊन पडतो. त्याने काय काय कमावलंय हे आधीच्या पाच पुस्तकांत पाहिलेलं असेल, तरच तो काय गमावू शकतो ते कळतं. सहावं पुस्तक सहावंच वाचायचं.

आता प्रत्यक्ष पानावर येऊ. बहुतेक पुस्तकांत प्रकरणंच नाहीत. प्रसंग बदलला की एक ओळ कोरी सुटते, बस. सुरुवातीला तीन-चार धागे एकदम सुरू होतात आणि ते एकमेकांना कधी भेटणार याचा पत्ता नसतो. पहिली तीसेक पानं सबुरीने घ्या. ई-बुकमध्ये ती कोरी ओळ पडद्याच्या तळाशी आली की दिसतच नाही आणि आपण राजवाड्यातून एकदम दारूच्या गुत्त्यात कसे आलो ते कळेनासं होतं. अक्षरं थोडी बारीक ठेवली की हा त्रास पुष्कळ कमी होतो.

तळटीपा गाळायच्या नाहीत, आणि शेवटी एकदम वाचू असंही म्हणायचं नाही. विनोदाचं निम्मं वजन तिथे आहे. वाक्य वरती सरळ चेहऱ्याने चालतं आणि तळटीप खालून पाय ओढते. तीही जिथल्या तिथे वाचली तरच. छापील पुस्तकात नजर खाली नेली की झालं. ई-बुकमध्ये टीप दाबून वाचून पुन्हा मूळ जागी यावं लागतं. म्हणून पहिली दोन-तीन पुस्तकं तरी कागदावर वाचा.

मृत्यूचं बोलणं छापण्याची पद्धतही लक्षात ठेवा. त्याला अवतरणचिन्हं नसतात, सगळं बोलणं इंग्रजीतल्या छोट्या कॅपिटल अक्षरांत असतं. तो बोलतो म्हणून कोणी सांगत नाही, तो नुसता पानावर उमटतो. ४१ पैकी 'द वी फ्री मेन' आणि 'स्नफ' ही दोन सोडली, तर बाकी सगळ्या पुस्तकांत तो निदान एकदा तरी येऊन जातो.

प्रॅचेट हे काय प्रकरण आहे ते एकाच परिच्छेदात पाहायचं असेल, तर 'मेन ॲट आर्म्स'मधला व्हाइम्सच्या बुटांचा हिशेब काढा. त्याचा पगार महिन्याला ३८ डॉलर. चांगले चामडी बूट ५० डॉलरला मिळतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. त्याला परवडणारे बूट १० डॉलरचे, ते एक-दोन हंगामांत फाटतात. दहा वर्षांत गरिबाचे बुटांवर १०० डॉलर जातात आणि पाय ओलेच राहतात. श्रीमंत माणूस पन्नासात कोरडा. व्हाइम्स म्हणतो, श्रीमंत श्रीमंत राहतात ते कमी खर्च करतात म्हणून. २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये स्वस्त किराण्याच्या भाववाढीची मोजणी करायची ठरली, तेव्हा लेखकाच्या वारसांच्या परवानगीने त्या निर्देशांकाला व्हाइम्सच्या बुटांचंच नाव दिलं गेलं. ड्रॅगनच्या कादंबरीतून अर्थशास्त्र असं बाहेर आलं.

बाकीचे गट भरभर सांगतो. मृत्यूचा गट 'मॉर्ट'पासून (१९८७): मृत्यू एक उमेदवार पोरगा हाताखाली ठेवतो. छोटं, सुटसुटीत, आणि पहाऱ्याची गोडी लागली नाही तर सुरुवातीला हेही चालेल. याच गटातलं 'हॉगफादर' नाताळासारख्या सणाचं आहे, ते डिसेंबरसाठी राखून ठेवा. चेटकिणींचा गट क्रमाने 'इक्वल राइट्स'पासून सुरू होतो, पण त्यांतली मुख्य चेटकीण ग्रॅनी वेदरवॅक्स खरी उभी राहते ती 'विअर्ड सिस्टर्स'मध्ये (१९८८), म्हणून नियमाला हा एक अपवाद करा. फक्त त्याआधी मॅकबेथची गोष्ट डोक्यात ताजी हवी. शिरवाडकरांचं 'राजमुकुट' ज्यांनी वाचलंय किंवा पाहिलंय, त्यांचं काम झालंच. याच गटातलं 'लॉर्ड्स अँड लेडीज' शेक्सपिअरच्या मिडसमर नाइटवर बेतलेलं आहे, तिथेही तेच. मूळ माहीत नसलं तरी गोष्ट कळते, पण अर्ध्या गमती हातून निसटतात.

सुट्या पुस्तकांतलं 'स्मॉल गॉड्स' (१९९२) मात्र कोणीही सोडू नये. ओम नावाचा महाबलाढ्य देव, लाखोंच्या साम्राज्याचा मालक, पृथ्वीवर अवतरतो आणि होतो साधं कासव. कारण मंदिरं, पुजारी, छळछावण्या सगळं आहे, पण त्याच्यावर खरी श्रद्धा असलेला भक्त उरलाय एकच, ब्रुथा नावाचा बागेत राबणारा पोरगा. देव भावाचा भुकेला हे आपण लहानपणापासून ऐकतो. इथे देव खरोखरच भुकेने मरायला टेकलाय. कट्ट्यावर चर्चेला याहून चांगलं पुस्तक मिळणार नाही, आणि भांडणालाही.

काही पुस्तकांमध्ये मात्र गटांपलीकडचा एक क्रम आहे, तो शहराचा. 'द ट्रूथ'मध्ये (२०००) छापखाना आणि वर्तमानपत्र येतं, 'गोइंग पोस्टल'मध्ये (२००४) मोडलेलं टपालखातं उभं राहतं आणि मनोऱ्या-मनोऱ्यांवरून तारेसारखे निरोप पाठवणाऱ्या कंपनीशी टक्कर देतं, 'मेकिंग मनी'मध्ये (२००७) कागदी नोटा, 'रेझिंग स्टीम'मध्ये (२०१३) आगगाडी. या चार पुस्तकांचा क्रम उलटा केला तर शहर मागे चालायला लागतं. 'गोइंग पोस्टल'मधून बाहेर आलेली एक खूण जाता जाता सांगतो. मनोऱ्यांवर काम करताना मेलेल्यांचं नाव जी, एन, यू ही अक्षरं लावून फिरवत ठेवतात: पुढे पाठवा, नोंद करू नका, टोकाला पोचलं की परत फिरवा. प्रॅचेट २०१५ मध्ये गेले, तेव्हा वाचकांनी आपापल्या वेबसाइटच्या अदृश्य मजकुरात त्यांचं नाव असंच घालून ठेवलं.

पळपुटा जादूगार रिन्सविंड, म्हणजे ते पहिलं आणि दुसरं पुस्तक, आठ-दहा पुस्तकं झाल्यावर घ्या आणि दोन्ही लागोपाठ घ्या. तोवर लेखकाशी ओळख झालेली असते, त्यामुळे कच्चेपणाही गोड वाटतो. जुन्या आवृत्तीचं जॉश कर्बी यांचं मुखपृष्ठ मिळालं तर नीट पाहा. चष्मेवाल्या प्रवाशाला मजकुरात चार डोळ्यांचा म्हटलंय, चित्रकाराने खरोखरच चार डोळे काढलेत.

एकाच गटाची दोनहून अधिक पुस्तकं लागोपाठ नकोत. शिपाई नॉबीबद्दलचा तोच विनोद चौथ्या पुस्तकात लागोपाठ चौथ्यांदा भेटला की शिळा लागतो, मध्ये दोन महिने गेले की जुना मित्र भेटल्यासारखं होतं. कट्ट्यासाठी आमची पहिली पाच अशी: 'गार्ड्स! गार्ड्स!', 'मॉर्ट', 'विअर्ड सिस्टर्स', 'मेन ॲट आर्म्स', 'स्मॉल गॉड्स'.

शेवटच्या काळातली पुस्तकं शेवटीच. डिसेंबर २००७ मध्ये प्रॅचेट यांनी आपल्याला अल्झायमरचा एक विरळा प्रकार झाल्याचं जाहीर केलं. पुढे टंकणं जमेना, तेव्हा ते मजकूर तोंडी सांगू लागले. 'स्नफ' आणि 'रेझिंग स्टीम'मध्ये त्याचा परिणाम दिसतो: वाक्यं लांबतात, पात्रं भाषणं करू लागतात, जुना नेमका फटका कमी होतो. यांपैकी एखादं पहिलं हाती आलं, तर लेखकाबद्दल चुकीचं मत होईल. सगळ्यांत शेवटचं 'द शेपर्ड्स क्राउन' तर आधीची चाळीस वाचल्याशिवाय उघडूही नका, त्याच्या सुरुवातीलाच जे घडतं ते आधी कळणं हा तुमच्यावरच अन्याय होईल.

गाडीत ऐकणाऱ्यांसाठी: टोनी रॉबिन्सन यांच्या आवाजातली जुनी ध्वनिपुस्तकं संक्षिप्त आहेत, ऐकायला मजेदार, पण बरंच गाळलेलं. अलीकडच्या, २०२२ पासून आलेल्या ध्वनिमुद्रणांत पूर्ण मजकूर आहे, आणि तळटीपा बिल नाय यांच्या वेगळ्या आवाजात आहेत, त्यामुळे टीप कुठली आणि मजकूर कुठला हा घोळ होत नाही.

मुलांचं बऱ्याच जणांनी विचारलंय. साधारण दहाच्या पुढे 'द वी फ्री मेन' (२००३) द्या, टिफनी एकिंग ही नऊ वर्षांची नायिका आहे आणि पुस्तकाला प्रकरणं आहेत. ती पाच पुस्तकांत मोठी होते, त्यामुळे चौथं पुस्तक चांगलंच गंभीर आहे, ते तेरा-चौदाला. बोलणाऱ्या उंदरांचं 'द अमेझिंग मॉरिस'ला बालसाहित्याचं कार्नेगी पदक मिळालेलं आहे, पण मुखपृष्ठ पाहून सहा वर्षांच्या मुलाला वाचून दाखवायला घेऊ नका. त्यात उंदरांवर कुत्रे सोडण्याचा आखाडा आहे आणि तळघरातला प्रसंग मोठ्यांनाही जड जातो. आधी स्वतः वाचा, मग ठरवा.