शुक्रवारची नोंदवही आणि नोव्हेंबरचं भाकीत

(ओहायोतील मराठी पालक आणि शालेय सामन्यांचं वार्तांकन करू पाहणारी मुलं यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. तुमच्यापैकी बऱ्याच जणांची मुलं शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये आहेत, काहींची संघात आहेत, आणि मागच्या दोन रांगांतली मुलं शाळेच्या वृत्तपत्रात सामन्यांवर लिहू लागली आहेत. तेव्हा अमेरिकन फुटबॉलमध्ये चार प्रयत्नांत दहा यार्ड कसे काढायचे, हे मी सांगत बसत नाही. ऑक्टोबर सरत आला की एकच प्रश्न गावभर फिरतो : आपली शाळा बाद फेरीत जाणार का, आणि गेली तर कुठवर? या प्रश्नाला जबाबदारीने उत्तर कसं द्यायचं, यावर आज बोलू. ज्याची शुक्रवारच्या सामन्यांची नोंदवही कच्ची, त्याचं नोव्हेंबरच्या बाद फेरीचं भाकीत कच्चं, असं माझं ठाम मत आहे. वार्तांकन एकाने करायचं आणि भाकीत दुसऱ्याने, अशी वाटणी इथे चालत नाही.

या राज्यात तर पत्रकारांच्या मताला एके काळी फारच वजन होतं. १९७२ पर्यंत ओहायोत शालेय फुटबॉलची बाद फेरीच नव्हती. १९४७ पासून असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था क्रीडा पत्रकारांची मतं गोळा करून क्रमवारी लावायची, आणि तिच्यात जो शेवटी पहिला, तोच राज्याचा विजेता. मॅसिलॉनच्या वॉशिंग्टन हायस्कूलची जुनी अजिंक्यपदं मैदानावरच्या अंतिम सामन्यातून आलेली नाहीत, ती पत्रकारांनी दिलेली आहेत. त्याच मॅसिलॉनला बाद फेरी जिंकून राज्य अजिंक्यपद मिळवायला २०२३ साल उजाडलं. कँटनला झालेल्या दुसऱ्या डिव्हिजनच्या (शाळेच्या आकारानुसार पाडलेल्या गटाच्या) अंतिम सामन्यात त्यांनी ॲक्रनच्या होबन संघाला ७-२ असं हरवलं. हा गुणफलक ध्यानात ठेवा, भाकितांकडे वळल्यावर तो पुन्हा लागेल.

१९७२ साली पहिली बाद फेरी झाली तेव्हा तीन वर्ग होते आणि प्रत्येकातून चारच संघ यायचे, म्हणजे अख्ख्या राज्यातून बारा. आज सात डिव्हिजन आहेत आणि प्रत्येकीत चार रीजन, म्हणजे भौगोलिक विभाग. २०२१ ते २०२४ या काळात दर रीजनमधून १६ संघ घेत. २०२५ पासून ते १२ केले, आणि पहिल्या चार मानांकनांना पहिल्या फेरीत पुढे चाल दिली. सात गुणिले चार गुणिले बारा, म्हणजे ३३६ संघ. पूर्वी ४४८ असायचे. जुना ठोकताळा आता लावला की पहिली चूक इथेच होते. २०२४ मध्ये तेरावा आलेला संघ आत होता, आता तेरावा घरी बसतो. चौथा आणि पाचवा यांच्यातली दरीही आता मोठी आहे : चौथ्याला आठवडाभर विश्रांती, पाचव्याला आणखी एक सामना आणि दुखापतीचा आणखी एक धोका.

संघ निवडले जातात ते हार्बिन पद्धतीने. जॅक हार्बिन यांनी बसवलेली ही गुणपद्धती वाटते तेवढी अवघड नाही, फक्त ती हाताने एकदा तरी करून पाहायला हवी. तुम्ही एखाद्या संघाला हरवलंत की त्या संघाच्या डिव्हिजननुसार तुम्हाला गुण मिळतात. शाळा जितकी मोठी तितके गुण जास्त. ही पहिली पातळी. मग तुम्ही हरवलेल्या संघाने हंगामात ज्यांना ज्यांना हरवलं, त्या विजयांचे गुणही तुमच्या खात्यात येतात. ही दुसरी पातळी. पराभवाचे गुण नाहीत, आणि किती फरकाने जिंकलात याला काडीचीही किंमत नाही. ४९-० आणि १४-१३ दोन्ही सारखेच.

आता आकडे घालून बघू. समजा, एका संघाने दहा सामन्यांत पहिल्या पातळीचे ४८ गुण कमावले. ४८ भागिले १० म्हणजे ४.८. दुसऱ्या पातळीचे १६० गुण झाले, आणि त्याच्या दहा प्रतिस्पर्ध्यांनी मिळून १०० सामने खेळले. १६० भागिले १०० म्हणजे १.६, आणि त्याला दहाने गुणायचं : १६. बेरीज २०.८. आता हंगामाच्या शेवटच्या शुक्रवारी या संघाने सप्टेंबरात हरवलेल्या एखाद्या शाळेने तिकडे ऐंशी मैलांवर, साडेचार गुणांच्या प्रतिस्पर्ध्याला हरवलं. दुसऱ्या पातळीचे १६४.५ झाले, भागाकार १.६४५, दहापट १६.४५, आणि एकूण २१.२५. आपल्या मुलांनी चेंडूला हातही न लावता ०.४५ ची भर! रीजनमध्ये बारावा आणि तेरावा यांच्यात कधी कधी एवढंच अंतर असतं. म्हणून दहाव्या आठवड्यात फक्त स्वतःच्या सामन्याला जाऊन भागत नाही. आपण हरवलेल्या सगळ्या संघांची यादी त्या दिवशी दुपारीच काढून ठेवायची, त्यांचे सामने कोणाशी आहेत ते पुढे लिहायचं, आणि प्रत्येक सामन्यासमोर ‘जिंकले तर इतके’ हा आकडा आधीच मांडून ठेवायचा. रात्री दहा वाजता आकडेमोड सुरू केली तर हमखास चुकते.

सगळ्यात जास्त चूक भाजकात होते. वादळाने किंवा आजारपणाने एखादा सामना रद्द झाला, तर प्रतिस्पर्ध्यांचे सामने ९९ होतात आणि लोक सवयीने १०० नेच भागतात. दुसरी चूक म्हणजे शनिवारचे सामने विसरणं. सगळे काही शुक्रवारी खेळत नाहीत. शुक्रवारी मध्यरात्री ‘आपली शाळा पात्र’ असं छापून टाकलं आणि शनिवारी दुपारच्या निकालाने ती बाहेर गेली, तर त्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना काय वाटेल याचा विचार करा. राज्याची शालेय क्रीडा संघटना अधिकृत यादी रविवारी जाहीर करते. तोवर तुमच्या तक्त्यावर ‘अनधिकृत’ हा शब्द ठळक असलाच पाहिजे.

टेक्सासमध्ये हे गणितच नाही. तिथे ‘जिल्ह्यातले’, म्हणजे स्पर्धेसाठी पाडलेल्या शाळांच्या गटातले, पहिले चार संघ सरळ आत जातात. भांडण असलंच तर सामना कुठे खेळायचा याचं, आणि दोन प्रशिक्षकांचं जुळलं नाही तर ते नाणेफेकीने मिटवतात. तिथलं भाकीत करायचं तर प्रवासाचे तास नोंदवा. ओहायोत सुरुवातीच्या फेऱ्यांत वरच्या मानांकनाला घरचं मैदान मिळतं, तेव्हा मानांकनाचा फायदा दुहेरी होतो. राज्य बदललं की पद्धत बदलते, एवढं ध्यानात असू द्या.

आता नोंदवहीकडे येऊ. मोठ्या वृत्तवाहिन्या राज्यातल्या शेकडो सामन्यांना पोहोचू शकत नाहीत. कडेला उभा असलेला एखादा वार्ताहर किंवा तुमच्यासारखा विद्यार्थी जे लिहील, तीच त्या सामन्याची कायमची नोंद. शुक्रवारची रात्र शाळांसाठी मोकळी राहिली, त्यामागे कायदाही आहे. १९६१ च्या प्रक्षेपण कायद्याने व्यावसायिक लीगला सामूहिक प्रक्षेपण हक्क विकायची सवलत दिली, पण सप्टेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर, शाळांच्या सामन्यांच्या आसपास, ती सवलत लागू होत नाही. ती संध्याकाळ आपल्यासाठी राखलेली आहे, तर तिची नोंद नीट ठेवू या.

वहीच्या पानावर सहा रकाने आखा : कितवा प्रयत्न, किती यार्ड हवेत, चेंडू कुठल्या रेषेवर, कोणत्या क्रमांकाचा खेळाडू, काय केलं, चेंडू कुठे थांबला. ‘किती यार्ड मिळाले’ हा रकाना मुद्दामच ठेवायचा नाही. ते नंतर वजाबाकीने काढायचं, नाहीतर खेळ चालू असताना डोक्यातल्या डोक्यात हिशेब करून चुका होतात. नवख्यांची ठरलेली चूक मध्यरेषेवर होते. चेंडू स्वतःच्या ३५ वर होता आणि प्रतिस्पर्ध्याच्या ४२ वर थांबला, तर घाईत लोक ४२ उणे ३५ करून सात लिहितात. खरं उत्तर २३ : मध्यरेषेपर्यंत पंधरा आणि पलीकडे आठ. म्हणून रेषेच्या आकड्याआधी एक खूण करा, स्वतःच्या बाजूला उणे आणि पलीकडे अधिक.

शाळांचे नियम व्यावसायिक खेळाहून वेगळे आहेत, आणि टीव्ही बघून शिकलेला मुलगा तिथे फसतो. क्वार्टरबॅकला, म्हणजे आक्रमण चालवणाऱ्या आणि पास फेकणाऱ्या खेळाडूला, रेषेमागे पाडलं की शालेय हिशेबात ते गेलेले यार्ड त्याच्या धावण्यातून वजा होतात. व्यावसायिक लीगमध्ये ते संघाच्या पासिंगच्या हिशेबातून जातात. म्हणून उत्तम पळणाऱ्या क्वार्टरबॅकच्या नावापुढे कधी उणे आकडा दिसतो, आणि वाचून आई-वडील चिडतात. बातमीत एक ओळ टाका : चार वेळा पाडला, त्यात २७ यार्ड गेले. सामना सुरू करणारी किक गोलरेषा ओलांडून गेली की शालेय नियमानुसार चेंडू तिथेच मृत होतो. तेव्हा अशा किकवर ‘१०२ यार्डांची धाव’ असं कुणी लिहिलं, तर ते चूकच आहे, तपासायचीही गरज नाही.

क्रमांकांची खातरजमा सामन्याआधी करा. छापील पत्रिका ऑगस्टमधली असते, ऑक्टोबरपर्यंत चार मुलांचे क्रमांक बदललेले असतात. मोठ्या संघांत कधी एकच क्रमांक आक्रमणात एकाकडे आणि बचावात दुसऱ्याकडे असतो. सराव चालू असताना साहाय्यक प्रशिक्षकाला गाठून पाच मिनिटांत यादीवर खुणा करून घ्या, आणि नावाचा उच्चार विचारा. आपल्या मुलांची नावं ध्वनिक्षेपकावर कशी मोडतात हे तुम्हाला ठाऊक आहे. कुलकर्णी असो की कोवाल्स्की, प्रत्येकाला आपलं नाव नीट ऐकायचं असतं.

ही वही आठ-नऊ आठवडे भरली की भाकिताला बसा. पहिला सापळा साखळीचा : अ ने ब ला १४ ने हरवलं, ब ने क ला १० ने, म्हणून अ हा क ला २४ ने हरवेल. असं होत नाही. ओहायोत उत्तरार्धात ३० गुणांची आघाडी झाली की घड्याळ थांबत नाही, राखीव खेळाडू उतरतात आणि फरक तिथेच गोठतो. एका सामन्यात दोनदा चेंडू हातून निसटून प्रतिस्पर्ध्याने तो थेट गोलरेषेपलीकडे नेला, म्हणजे टचडाउन केला असेल, तर ते १४ गुण पुढच्या आठवड्यात परत येतीलच असं नाही. म्हणून मोठ्या फरकाला कात्री लावा, तो समजा २८ वर थांबवा. हातून गेलेल्या चेंडूंवरचे गुण बाजूला काढून सामना पुन्हा वाचा. क्वार्टरबॅक तोच होता का, आणि आक्रमण व बचाव दोन्हीकडे खेळणारी मुलं किती, हे पाहा. छोट्या शाळांत तीच अकरा-बारा मुलं पूर्ण ४८ मिनिटं मैदानावर असतात. असे संघ चौथ्या क्वार्टरमध्ये मागे पडताना तुमच्या वहीत स्पष्ट दिसतात, गुणफलकात दिसत नाहीत.

मग ‘हा जिंकेल’ एवढंच लिहू नका, टक्के लिहा. आणि ते टक्के तपासा. रीत सोपी आहे : जिंकला तर १, हरला तर ०, त्यातून तुमचं भाकीत वजा करून वर्ग करा, सरासरी काढा. जितकी कमी तितकी चांगली. दोन जणांनी चार सामन्यांत तेच चार संघ निवडले आणि दोघांचे तीन-तीन बरोबर आले. पहिल्याने सगळीकडे ९० टक्के दिले होते. त्याची सरासरी तीन वेळा ०.०१ आणि एकदा ०.८१ मिळून ०.२१. दुसऱ्याने ७५ दिले होते. त्याची ०.१९ च्या आत. बरोबर निकाल सारखेच, पण दुसरा अधिक विश्वासाचा. सगळीकडे डोळे मिटून ५० टक्के देणाऱ्याची सरासरी ०.२५ येते. तिच्याहून वाईट येत असेल तर भाकीत छापूच नये. ‘दहापैकी आठ बरोबर’ याचंही फार कौतुक करू नका. पहिल्या फेऱ्यांत नुसतं वरचं मानांकन निवडलं तरी बरेच निकाल बरोबर येतात. आपण त्याहून पुढे गेलो का, तेवढं पाहा.

आणि लांबचं भाकीत? वरच्या चारांतल्या संघाला अजिंक्यपदासाठी पाच सामने जिंकावे लागतात. प्रत्येकात त्याची शक्यता ८० टक्के धरली, तरी पाचही जिंकण्याची शक्यता सुमारे ३३ टक्के. म्हणजे राज्यातला सगळ्यात बलाढ्य संघही तीनात दोन वेळा कुठेतरी हरणार. तो हरला की गावात लगेच ‘घात झाला’ म्हणतात, आणि खापर एखाद्या सोळा वर्षांच्या मुलाच्या सुटलेल्या झेलावर फुटतं. आता ते ७-२ आठवा. संपूर्ण अंतिम सामन्यात एकच टचडाउन आणि एक सेफ्टी (चेंडूवाल्याला त्याच्याच गोलरेषेमागे अडवून मिळणारे दोन गुण). अशा सामन्यात एक घसरलेला पाय निकाल फिरवू शकतो. हे गणित वाचकांना आधीच, फेरी सुरू व्हायच्या आठवड्यात समजावून ठेवा. पराभवानंतर सांगितलं तर ती सारवासारव वाटते.

सुटलेल्या झेलाची नोंद वहीत असू द्या, बातमीत ‘तिसऱ्या प्रयत्नातला पास अपुरा राहिला’ एवढं पुरे. दुखापतीचं स्वरूप घरच्यांनी किंवा शाळेने सांगितल्याशिवाय लिहायचं नाही, मग भाकितासाठी ते कितीही महत्त्वाचं असो. टक्के किंचित खाली आणा, कारण देऊ नका.

रात्री साडेनऊला सामना संपतो आणि मजकूर तासाभरात द्यायचा असतो. मध्यंतरात पूर्वार्ध लिहून टाका, तिसरा क्वार्टर संपताच दोन परिच्छेद आणखी, म्हणजे शिट्टी वाजल्यावर फक्त वरचा परिच्छेद आणि प्रशिक्षकाची दोन वाक्यं उरतात. क्वार्टरवार गुणांची बेरीज अंतिम गुणांशी जुळते का, हे पाठवण्याआधी एकदा पाहा. आणि दर गुरुवारी नवं भाकीत छापताना त्याच चौकटीत, त्याच आकाराच्या अक्षरात, मागच्या आठवड्याचे टक्के आणि निकाल द्या. जे चुकले ते सगळ्यात वर.